मशिनीत सगळं हाय

बावड्यात गळीत हंगाम सुरू झाला की ते सगळ्यात आधी दोरीवरच्या पांढऱ्या टॉवेलला कळतं. कारखान्याच्या चिमणीतून उडालेली चिपाडाची राख गच्चीभर उतरते. हात लावला की ती मोडते आणि कापडावर काळी रेघ उमटते. आत्या खालून ओरडते, "झटकून काढ गं, चोळू नगंस!" दरवर्षी ती हेच ओरडते आणि दरवर्षी मी आधी चोळते. परवाही तसंच झालं. मळीचा आंबूस-गोड वास नाकात भरला होता, टॉवेलवरचा डाग पसरत चालला होता, आणि मला माझा कॉलेजातला पहिला हंगाम आठवला. आठवला म्हणजे काय, तेव्हाचा वैताग जसाच्या तसा परत आला.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घर कुरुंदवाडला. अण्णा, म्हणजे माझे वडील, थोडी शेती करतात आणि लग्नसराईत बेंजो वाजवतात. टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ते तारांचं वाद्य आमच्याकडच्या प्रत्येक वरातीत असतं. टेम्पोवर कर्णे बांधलेले, पुढे ताशे, मागे नाचणारी पोरं आणि टेम्पोच्या कडेला पाय सोडून बसलेले अण्णा. त्यांच्या मांडीशी एक लहानसं इको मशीन असतं. त्याच्यातून गेलेला प्रत्येक सूर स्वतःच्या मागून पुन्हा पुन्हा येतो. इकोशिवाय अण्णांनी वाजवलेलं मी लहानपणी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं बेंजोचा आवाजच तसा असतो.

बारावी झाल्यावर अण्णांनी माझ्यासाठी गिटारचं इफेक्ट मशीन आणलं. दुसऱ्या कुणी तरी वापरलेलं, पण पुसून लख्ख केलेलं. पायानं दाबायची बटणं, मधे छोटा पडदा, रांगेनं लाल-हिरवे दिवे. गिटारची वायर त्यात घालायची, त्यातून निघालेली वायर ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या पेटीला, लावायची, आणि मधल्या मधे आवाजाला हवं ते रूप द्यायचं. इको होता, घुमारा होता, गुरगुराट होता, पाण्याखालून आल्यासारखा थरथराट होता. शिवाय जगातल्या नाना तऱ्हेच्या ॲम्पच्या आणि स्पीकरच्या नकलाही आत भरलेल्या होत्या. म्हणजे ॲम्प जवळ नसला तरी कानाला वाटावं की समोर ॲम्प आहे.

"मशिनीत सगळं हाय," अण्णा म्हणाले होते. "आता तुला भाईरनं काय आणाय नगं."

त्यांनी ते माझ्या हातात दिलं तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरलेले नाही, आणि सगळी गडबड तिथेच झाली असावी. ज्यात सगळं आहे त्यातलं काही वापरायचं नाही, ही कल्पनाच मला करता येईना. मी परीक्षेतही अशीच होते. पुरवण्या जास्त लावल्या की मार्क जास्त पडतात हे मी मनापासून मानायचे. आमच्यासारख्यांना जे मिळालं ते सगळं वापरून दाखवावं लागतं, नाही तर देणाऱ्याला काय वाटेल!

कॉलेजसाठी मी आत्याकडे राहायला आले. आत्याचे यजमान, आमचे मामा, कारखान्यात बॉयलरवर. हंगामात त्यांची पाळी फिरती, त्यामुळे दिवसा कधीही झोपलेले. घरात भांडं पडलं तरी आत्या बोटानं गप्प करायची. गिटार वाजवायची ती हेडफोन लावूनच. म्हणून मी माझा सगळा आवाज हेडफोनमध्ये घडवला. भिंतीला टेकून, पायाशी मशीन घेऊन, दुपारच्या दुपारी. एक ॲम्प निवडला, त्याला एक स्पीकर निवडला, वर गुरगुराट, मग घुमारा, शेवटी अण्णांचा इको. डोळे मिटले की मी मोठ्या मैदानावर उभी असायचे. डोळे उघडले की समोर आत्या, हातात शेंगांचं सूप.

"काय गं, नुसतं ट्यँव ट्यँव बोटं हलवतीस. वाजतंय तरी का काय?"

"वाजतंय आत्या. माझ्या कानात."

"बरं हाय की. तुला गाणं, आमाला झोप."

डिसेंबरात कॉलेजच्या बँडमध्ये गिटारला कुणी तरी हवं होतं. बँड तेजसदादाचा. तो शहरातल्या राजारामपुरीत राहणारा, शेवटच्या वर्षाला, कमी बोलणारा. जानेवारीतल्या गॅदरिंगसाठी त्यानं स्वतः एक चाल बांधली होती. तिची सुरुवात फक्त गिटारनं व्हायची. बाकीचे सगळे थांबलेले, आणि एक संथ सुरावट. घरी मशिनीतूनच रेकॉर्ड केलेलं माझं वाजवणं मी त्याला पाठवलं होतं. त्यानं ऐकून ती सुरावट मला दिली. मी त्याच संध्याकाळी घरी फोन केला.

अण्णा म्हणाले, "कवा हाय?"

मी दिवस सांगितला. मग आईचा आवाज, लांबून, "त्या दिवशी तुमची सुपारी हाय न्हवं?" लग्नाचं वाजवायचं काम ठरलं की आमच्याकडे त्याला सुपारी म्हणतात. आणि ऐन लग्नसराईतली सुपारी कुणी सोडत नाही.

"दुसऱ्याला लावून देतो की," अण्णा म्हणाले. "पोरगी स्टेजवर वाजवतीया."

फोन ठेवल्यावर आनंद व्हायला हवा होता. मला धडकी भरली.

तेजसदादाच्या काकांची पूर्वी ऑर्केस्ट्रा पार्टी होती. त्यांचा एक जुना व्हॉल्व्हचा ॲम्प प्रॅक्टिसच्या खोलीत ठेवलेला असायचा. उचलायला दोघं लागायचे. चालू केला की लगेच बोलायचा नाही. आधी तापायला हवा. मागच्या जाळीतून काचेचे व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे हळूहळू लाल होताना दिसायचे. ड्रम वाजवणारा इम्रान रोज त्याच्यावर हात शेकायचा आणि मला म्हणायचा, "कुरुंदवाडचं पावणं, आमलेट टाकायचं का?"

पहिल्या दिवशी मी मशीन लावलं, दिवे पेटले, सगळं जसं घरी होतं तसंच. पहिला सूर वाजवला. आणि खोलीत जे काही आलं, ते माझं नव्हतं. गोधडीत गुंडाळून कुणी तरी बोलावं तसा आवाज. जाड, दबका, वरून किरकिरणारा. इकोमागून इको एकमेकांच्या अंगावर पडत होते.

इम्राननं स्पीकरकडे वाकून बघितलं. "उशी ठिवलीस काय गं आत?"

मी ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, वाढवले. गोधडीत मधमाश्या शिरल्या. बेस वाढवला. दुसरी गोधडी आली. नकलेतला ॲम्प बदलला, मग स्पीकर बदलला, मग दोन्ही. तेजसदादा भिंतीला टेकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "एकदा गिटार सरळ ॲम्पला लाव."

"आणि मशीन?"

"राहू दे बाजूला."

बाजूला! तो सहज म्हणाला असेल. मला मात्र ते अण्णांनाच म्हटल्यासारखं लागलं. "हे नवीन आहे, मला थोडा वेळ द्या," असं काही तरी पुटपुटले. राजारामपुरीतल्या मुलांसमोर माझं मराठी उगाच पुस्तकी व्हायचं.

त्यानंतरच्या त्या प्रॅक्टिसा! आज नुसतं आठवलं तरी दात आवळले जातात. घरी हेडफोनवर आवाज मधासारखा. खोलीत नेला की चिखल. पुन्हा घरी आणून तपासावा, तर पुन्हा मध. मशीन पाठीवर घेऊन मी सिटी बसनं जायचे, येताना तीच ओझ्याची बॅग मांडीवर. बॅगेचा पट्टा खांद्यात रुतायचा. एखाद्या लबाड पोरानं पाहुण्यांसमोर गप्प बसावं आणि ते गेले की पाढे म्हणावेत, तसं ते मशीन वागत होतं. मी त्याला बोलायचे, खरंच बोलायचे, "आता का वाजतोस? तिथं काय झालतं तुला?" आत्याला वाटायचं मी फोनवर आहे.

इंटरनेटवर बघावं तर प्रत्येक जण वेगळं सांगे, आणि ते सांगतानाची इंग्रजी इतकी भराभर की माझ्या हाती 'हे चालू करा, ते वाढवा' एवढंच लागे. वाढवणं तर मी आधीपासूनच करत होते. कुणाला विचारावं? विचारलं तर कळणार की हिला कळत नाही. पहिल्या वर्षाला ही भीती फार मोठी असते. वर्गातही मी शंका विचारायचे नाही, आणखी एक पुस्तक आणायचे.

एका सोमवारी तेजसदादानं मला बाजूला घेतलं. रागावला नव्हता, तेच जास्त वाईट वाटलं.

"शुक्रवारपर्यंत बघू. नाही जमलं तर सुरुवात कीबोर्डवर घेऊ. तू मागून साथ दे."

मी मान हलवली. घरी फोन केला नाही. काय सांगणार होते? अण्णा, सुपारी सोडू नका, तुमच्या मशिनीतलं सगळं आम्हाला जड झालंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला जाणाऱ्या सिटी बसमध्ये होते आणि बस कारखान्याच्या फाटकाशी अडकली होती. हंगामात हे रोजचंच. उसानं लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, आणि त्या प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर. आमच्याकडे ट्रॅक्टरला एक वेळ ब्रेक कमी असेल, आवाज कमी नसतो. त्या सकाळी पुढच्या-मागच्या दोन ट्रॅक्टरांवर एकच गाणं लागलेलं होतं, जराशा अंतरानं. एकावर एक सांडलेलं. चाल ओळखीची, पण एक शब्द कळत नव्हता. नुसता गलका.

मागचा ड्रायव्हर उभा राहून ओरडला, "ए लका, बंद कर की तुझं! माझं चालू हाय न्हवं!"

"तुझं बंद कर! माझा बेस ऐक आधी!"

"आरं, तेच गाणं हाय की रं! दोन्ही लावून काय बी कळंना झालंय!"

आमचे कंडक्टर दारातून वाकले. "दोघं बी बंद करा आन् ट्रॅक्टर कडंला घ्या, पोरांची कालिजं सुटायची येळ झाली!"

बस हसली. पुढच्यानं शिवी देत बटण दाबलं. आणि गलक्यातून एकदम गाणं बाहेर आलं. स्वच्छ. शब्दन्‌शब्द. ढोलकीची थापसुद्धा वेगळी कळायला लागली. आवाज निम्मा झाला होता आणि ऐकू मात्र दुप्पट येत होतं.

मी बॅग मांडीवर घट्ट धरून बसले होते. तेच गाणं हाय की रं! माझ्या मशिनीत ॲम्प होता, ॲम्पपुढे स्पीकर होता. आणि ते सगळं तयार गाणं मी पुन्हा खऱ्या ॲम्पात आणि खऱ्या स्पीकरमध्ये ओतत होते. हेडफोनला स्वतःचं काही म्हणायचं नव्हतं, म्हणून घरी नक्कल चालून जायची. इथे समोर तापलेला, म्हातारा, स्वतःचा आवाज असलेला ॲम्प बसला होता, आणि तो रोज मला तेच सांगत होता: बंद कर की तुझं, माझं चालू हाय न्हवं.

त्या दिवशी प्रॅक्टिसला गेल्या गेल्या मी मशीन लावलं. खाली बसले आणि एकेक गोष्ट बंद करत गेले. स्पीकरची नक्कल बंद केली, गोधडी सरकली. ॲम्पची नक्कल बंद केली, मधमाश्या गेल्या. मशिनीतून बाहेर पडणारा आवाजच फार जोराचा होता, तो उतरवला; ॲम्पचा गुदमरलेला घसा मोकळा झाला. प्रत्येक दिवा विझताना मला वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. पाहुण्यांनी आणलेला खाऊ त्यांच्यादेखत झाकून ठेवावा तसं. पण ॲम्प बोलायला लागला होता. तार हलकी छेडली तर मऊ, जोरात छेडली तर थोडा खरखरीत, माणसाच्या आवाजासारखा.

इम्रानची काठी मांडीवर थांबली. "आयला," तो म्हणाला. एवढंच.

राहिला इको. तो मी मुद्दाम ठेवला होता. पण सुरुवातीच्या सुरावटीला तेजसदादाला ॲम्पची ती खरखर हवी होती, आणि खरखरणाऱ्या ॲम्पात आधी इको घातला की प्रत्येक परतणारा सूरही मूळ सुराइतकाच मोठ्यानं गुरगुरतो. कोण पुढचा, कोण मागचा, कळत नाही. नव्या ॲम्पला म्हणे मागच्या बाजूनं एक वाट असते. खरखर झाल्यावर इको तिथून घालता येतो. तेजसदादानं ॲम्प फिरवून दाखवला. मागे जाळी आणि व्हॉल्व्ह. "ह्याला ती वाट नाही," तो म्हणाला. "इको काढ."

"इको नाही काढणार."

माझाच आवाज ऐकून मी दचकले. सगळे बघायला लागले.

"का?"

"अण्णा येणार आहेत."

हे काही उत्तर नव्हतं. तेजसदादानं ॲम्प फिरवून पुन्हा सरळ केला. मग म्हणाला, "मग त्यांना ऐकू येऊ दे की."

इको गेला आणि मला कळलं की मी इतके दिवस कशाला चिकटून होते. इकोमध्ये एक सूर दुसऱ्याची लाज राखतो. बोट उशिरा पोचलं तरी आधीचा सूर अजून हवेत असतो, मधली फट दिसत नाही. तो काढल्यावर माझ्या बोटांची प्रत्येक चूक, तारेवर घासलेल्या नखाचा आवाजसुद्धा, खोलीच्या मधोमध उभा राहायला लागला. मशिनीचा वैताग संपला आणि स्वतःचा सुरू झाला. तो जास्त त्रासाचा, कारण त्याला बटण नसतं. त्या आठवड्यात मी हेडफोन काढून ठेवले. गच्चीवर राख पडत असताना गिटार कशालाही न जोडता वाजवत बसायचे. न जोडलेली इलेक्ट्रिक गिटार डासाएवढी वाजते. मामांची झोप मोडली नाही. शुक्रवारी तेजसदादानं ऐकलं, "ठीक आहे," म्हणाला, आणि कीबोर्डचा विषय पुन्हा निघाला नाही.

गॅदरिंगला मी मशीन नेलंच. स्टेजवर पुढे, पायाशी ठेवलं. गिटारचे सूर जुळवायची सोय त्यात होती, तेवढ्यासाठी. एवढं मोठं मशीन, आणि काम चिमुकल्या यंत्राचं! तेजसदादानं एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि वायरी जोडायला वाकला. दिवे लागलेले लांबून दिसायला हवे होते, एवढंच मला कळत होतं.

दुपारचं ऊन मांडवाच्या कापडातून पिवळं होऊन आत आलं होतं. अण्णा तिसऱ्या-चौथ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, पोरांच्या गलक्यात ताठ बसलेले. सगळे थांबले. मी वाजवलं. कसं वाजलं ते मला सांगता येत नाही. पाठीमागून व्हॉल्व्हची ऊब पोटऱ्यांना लागत होती, ते आठवतं. आणि सुरांच्या मधली शांतता आठवते. वरातीत अशी शांतता कधी नसते.

हे सगळं परवा टॉवेल चोळता चोळता डोक्यात आलं, त्याला आणखी एक कारण आहे. यंदा पहिल्या वर्षाची एक मुलगी बँडमध्ये आलीय. तिच्याकडेही मशीन. माझ्यापेक्षा नवं, दिवे जास्त. त्याच दिवशी तिनं ते त्याच म्हाताऱ्या ॲम्पला लावलं आणि खोलीत तीच गोधडी पसरली. मी म्हटलं, "आतला ॲम्प बंद कर." ती म्हणाली, "पण ताई, तो ह्यातला सगळ्यात भारी आहे." मी पुन्हा सांगितलं. तिनं मान हलवली आणि इको वाढवला. किती चिडले मी! घरी आले ती आत्याशी न बोलता गच्चीवर गेले. मग लक्षात आलं, तिचं मशीन कुणी आणून दिलं हे मी विचारलंच नाही. आज विचारणार आहे.

तर त्या दिवशी. कार्यक्रम संपल्यावर अण्णा स्टेजमागे आले. माझ्याकडे न बघता आधी मशिनीपाशी उकिडवे बसले, बटणांवरून बोट फिरवलं. हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "ऐन टायमाला बंद पडलंतं व्हय गं?"

"न्हाय अण्णा. मीच बंद ठेवलंतं."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी मशीन उचलून बॅगेत घातलं, चेन ओढली, पट्टा स्वतःच्या खांद्यावर घेतला. "मग एवढं वझं आणलंस कशापाय?"

आम्ही चालत बस थांब्यापर्यंत आलो. मला बावड्याची बस, त्यांना पुढे जाऊन कुरुंदवाडची एसटी. सुपारी सोडून आलेला माणूस, आणि मी त्याला त्याच्या मशिनीतला एक सूरही ऐकवला नव्हता. रडू येत होतं आणि रागही. थांब्यावरच्या कट्ट्यावर बॅग ठेवून अण्णा म्हणाले, "दोन जाग्यावर बोट घसारलं तुझं."

"कळलं व्हय?"

"कळंल न्हाय तर! उघडंच हुतं की सगळं." मग बॅगेचा पट्टा नीट करत, "तुझं वाजवणं आसं कधी ऐकलंच नव्हतं."

उसाचा एक ट्रॅक्टर गाणं लावून गेला. तो लांब गेल्यावर मी म्हणाले, "दोन न्हाय अण्णा. तीन."

"आं?"

"तीन जाग्यावर घसरलं."

ते वळले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं ते ताशेवाल्याकडे किंवा दुसऱ्या बेंजोवाल्याकडे बघतात.

"तिसरं कुठलं?"

मी तोंडानं सुरावट म्हणायला लागले. अण्णा मान खाली घालून, मशिनीच्या बॅगेवर बेंजोची बटणं दाबल्यासारखी बोटं चालवत ऐकत होते. "थांब. परत घे," म्हणाले. मी परत घेतली. "इथं?" "न्हाय, फुडं." बावड्याची बस आली, माणसं चढली, आणि गेली.